कॅनिस्टर फिल्टरचा तुटलेला पाइप : घरच्या घरी स्वस्तात जोड कसे करावेत?

गोदाकाठ
मंडळी, नाशिकहून लिहितोय. घरी माशांची तीन फुटी टाकी आहे, साधारण दीडशे लिटरची. चौदा निऑन टेट्रा, तीन कोरीडोरास आणि चेरी कोळंब्यांची बरीच मोठी वसाहत. टाकीखालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे टाकीचं पाणी नळीने ओढून, गाळून परत सोडणारा बंद डबा. चार वर्षं झाली, मोटर आजही आवाज न करता चालते.

रविवारी सफाई करताना पाणी ओढणारा पाइप हातून निसटला. काठावरून उलट्या ‘यू’सारखा वळून आत उतरतो तो. फरशीवर आपटला आणि नेमका वळणावर तडकला. जिथून फिल्टर घेतला त्या दुकानात गेलो, तर म्हणाले सुटा पाइप मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल, एकोणीसशे रुपये, वर तीन आठवडे थांबा. एका वाकड्या प्लास्टिकच्या नळीसाठी एवढे पैसे द्यायला मन तयार होत नाही.

नळीवर १२/१६ असं छापलंय. नळकामाच्या सामानातून असा पाइप घरी करता येईल का? कुठला तुकडा कशात बसतो? पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं तर कोळंब्यांना धोका आहे का? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाणकोंबडी
पाइपचं नंतर बघू. रविवारपासून फिल्टर बंद आहे का? आतला मीडिया, म्हणजे चांगले जिवाणू राहतात ते गाळायचं सामान, कुठे आहे? बंद डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, चांगले जिवाणू मरायला लागतात आणि पाणी सडतं. मीडिया आत्ताच बाहेर काढा. बादलीत टाकीचंच पाणी घ्या, त्यात मीडिया बुडवा आणि एअर पंपाचा दगड सोडून ठेवा. आणि डब्यात साचलेलं पाणी चुकूनही टाकीत जाऊ देऊ नका. भारनियमनाच्या दिवसांत मी एकदा वीज आल्याआल्या फिल्टर तसाच चालू केला होता. संध्याकाळपर्यंत सगळे मासे वर येऊन धापा टाकत होते.

गोदाकाठ
पाणकोंबडीताई, मनापासून आभार. हे डोक्यातच नव्हतं. आत्ता डबा उघडला तर कुजक्या अंड्यांचा वास. पाणी बाल्कनीतल्या झाडांना घातलं, मीडिया टाकीच्या पाण्यात हलवून बादलीत ठेवला, हवा सोडली. टाकीत स्पंज फिल्टर चालू आहे.

मोजपट्टी
आता मापांचं बोलू. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

१२/१६ म्हणजे नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा १६. मोठ्या कॅनिस्टरला १६/२२ येते, छोट्यांना ९/१२. ही मापं नळीची असतात. दुकानात आपण मागतो ‘अर्धा इंची पाइप’, आणि हा अर्धा इंच पट्टी लावून कुठेही सापडत नाही, ते फक्त नाव आहे. अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा तो फिकट पिवळा पाइप, बाहेरून १५.९ मिलिमीटर भरतो. अर्धा इंची पांढरा यूपीव्हीसी भरतो २१.३. आणि शेतीच्या दुकानातला पीव्हीसी बाहेरच्या व्यासाने विकतात : २०, २५, ३२ मिलिमीटर. म्हणजे नळवाल्याकडचा ‘अर्धा इंची’ पांढरा आणि शेतीवाल्याकडचा २० मिलिमीटरचा पांढरा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण एकाचा एल्बो (काटकोनी जोड) दुसऱ्याला बसत नाही.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की ज्यांची नळी १६/२२ आहे त्यांचं नशीब जोरावर. १५.९ चा सीपीव्हीसी १६ च्या नळीत जवळजवळ बरोब्बर जातो. वरून क्लिप आवळली की झालं. तुमची १२/१६ आहे, त्यामुळे उलटं करावं लागेल. नळीच सीपीव्हीसी एल्बोच्या तोंडात घालायची. त्या तोंडाचा व्यास साधारण १६ असतो आणि नळी बाहेरून १६. हा जोड पाण्याखाली टाकीत असेल तर उत्तम, जरा झिरपला तरी पाणी टाकीतल्या टाकीतच राहतं. पण टाकीबाहेर असा जोड करू नका.

शेवाळप्रेमी
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच सांगतो. संच घ्या. दीडशे लिटर पाणी डोक्यावर टांगून त्याखाली आपण झोपतो. तिथे तीस-चाळीस रुपयांच्या जोडावर भरवसा ठेवणं मला पटत नाही. मूळ पाइप आणि नळी एकमेकांसाठी बनवलेली असतात. मी इतकी वर्षं टाक्या सांभाळतोय, वाचवलेल्या पैशांपेक्षा गेलेली लाकडी फरशी महाग पडते.

ठिबकवाला
अहो गोदाकाठ, नाशकात राहून पाइपला अडलात? पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला कुठल्याही ठिबकच्या दुकानात शिरा. १६ मिलिमीटरची लॅटरल घ्या, म्हणजे द्राक्षाच्या ओळीतून जाते ती काळी नळी. बिनछिद्रांची सांगा, नाहीतर आतमध्ये ड्रिपर बसवलेली इनलाइन देतील. सोबत १६ चे जॉइनर, एल्बो, एक कॉक, एंड कॅप. जॉइनर पाच रुपयांच्या आत मिळतो.

आता जमतं कसं ते सांगतो. १६ ची लॅटरल बाहेरून १६ असते, आतून साधारण साडेतेरा-चौदा. जॉइनरच्या दाताळ टोकाचं माप त्या आतल्या व्यासासाठी केलेलं असतं. तेच टोक तुमच्या १२ च्या मऊ नळीत घालायचं. थंड जाणार नाही. नळीचं टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, मऊ पडेल, मग पिळून न घालता सरळ दाबा. थंड झाल्यावर ओढून बघा, सुटत नाही. सोडवायची वेळ आली तर ब्लेडने उभी चीर द्यावी लागते.

लॅटरल काळी असल्यामुळे टाकीच्या मागच्या काळ्या कागदावर दिसतही नाही, आणि त्यात शेवाळ धरत नाही, कारण उजेडच आत जात नाही. फक्त ‘यू’चं वळण नळी वाकवून करू नका, मोडेल. काठावर दोन एल्बो लावा.

राहिला शेवाळप्रेमींचा भरवशाचा मुद्दा. आमच्या मळ्यात हेच जॉइनर एक किलो दाबावर बारा-बारा तास चालतात, उन्हात, पावसात. टाकी ते कॅनिस्टर उंची किती, एक मीटर?

मोजपट्टी
ठिबकवाला, क्या बात है! एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. कॅनिस्टरवर एक-सव्वा मीटरचा येतो. दाबाच्या दृष्टीने हे सामान आठपट भक्कम आहे.

एक पुरवणी : लॅटरल पॉलिथिलीनची असते, तिला सोल्युशन चिकटत नाही आणि सिलिकॉनही धरत नाही. कुणी सांगितलं की जोडावर थोडं सिलिकॉन लावा, तर लावू नका. त्याने फक्त समाधान मिळतं. तिथे पकड दातांचीच.

वऱ्हाडी ऊन
दाबाचा हिशेब बरोबर आहे, पण उन्हाचा हिशेबही धरा. माझी हकिकत सांगतो.

मी नागपूरचा. माझाही जोड घरचाच होता. कपाटात, कॅनिस्टरच्या अगदी डोक्यावर, मऊ पारदर्शक नळी आणि प्लास्टिकचा जॉइनर. हिवाळ्यात बसवला तेव्हा इतका घट्ट की दोन माणसांना ओढून निघेना, म्हणून क्लिप लावली नाही. मे महिन्यात आम्ही दोन दिवस अमरावतीला गेलो. घर बंद, कूलर बंद, बाहेर पंचेचाळीस. बंद कपाटात मोटरची उष्णता वेगळीच. नळी लोण्यासारखी मऊ झाली आणि जॉइनरवरून घसरली.

परत आलो तेव्हा दाराखालून पाणी बाहेर आलेलं दिसलं. पाणी ओढणारा पाइप जिथपर्यंत बुडाला होता तिथपर्यंत टाकी रिकामी. तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात माझे दोन एंजल आडवे पडून कल्ले हलवत होते. मुलीने बादलीत नळाचं पाणी भरायला घेतलं, मी ओरडलो की क्लोरीन आहे, आधी क्लोरीन मारायचे थेंब टाक. ती रडत रडत थेंब मोजत होती. एक एंजल वाचला. अजून आहे.

खालच्या काकूंच्या छताला ओल आली ती मी स्वखर्चाने रंगवून दिली. काकूंनी चहा पाजला, पण ते छत बघताना मान वर करवत नव्हती.

म्हणून सांगतो, जोड घरचा असो की कंपनीचा, नळी मऊ असेल तर क्लिप लावाच. आणि पाणी ओढणारा पाइप गरजेपेक्षा खोल नेऊ नका. नळी सुटली तर तो जिथे संपतो तिथेच पाणी थांबतं. माझा आता अर्ध्या उंचीवर आहे.

पाणकोंबडी
वाचून अंगावर काटा आला. तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

शेवाळप्रेमी
वऱ्हाडी ऊन, हेच मला सांगायचं होतं.

ठिबकवाला
पण शेवाळप्रेमी, यात मऊ नळी आणि न लावलेली क्लिप यांचा दोष आहे, जॉइनरचा नाही. कंपनीची नळीही तशीच मऊ पडली असती.

मोजपट्टी
दोघांच्या म्हणण्यातून एक रेघ काढता येते, आणि ती म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी.

पाइपचा जो भाग या पातळीच्या वर आहे, म्हणजे काठावरचं वळण, तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला जोड सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग कॅनिस्टर गुरगुरतो, बुडबुडे येतात, प्रवाह मंदावतो. जो भाग टाकीबाहेर पण पातळीच्या खाली आहे, तिथला जोड सुटला तर पाणी फरशीवर. आणि जो टाकीच्या आत आहे तो गळला काय नि सुटला काय, फरशी कोरडीच.

म्हणून माझा नियम असा की टाकीच्या आत हवे ते प्रयोग करा. काठावर नीट घट्ट जोड करा, चुकलात तर फिल्टर गुरगुरून सांगेल. आणि काठापासून खाली कॅनिस्टरपर्यंत नळी अखंड ठेवा, मध्ये एकही जोड नको. गोदाकाठ, तुमची खालची नळी शाबूत आहे ना? मग तिला हातही लावू नका.

खाजणकाठ
गोव्याहून राम राम. क्लिपचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ‘स्टेनलेस आहे, गंजत नाही’ म्हणून ज्या क्लिप घेतल्या त्यांच्या स्क्रूंना वर्षभरात तांबूस पूड सुटली. मिठाचं पाणी उडेल तिथे धातूच नको. आता प्लास्टिकच्या आवळपट्ट्या दोन-दोन लावते, डोकी समोरासमोर. एकच लावली तर डोक्याखाली फट राहते.

आणि कोळंब्या आहेत म्हणून आवर्जून सांगते, पितळेचा नोझल घेऊ नका. हार्डवेअरवाला हमखास तोच पुढे करतो, दिसतोही देखणा. पितळेत तांबं असतं आणि कोळंबी-गोगलगायींना तांबं अगदी थोडंसुद्धा सोसत नाही.

गोदाकाठ
पितळेचा नोझल काल हातात धरून परत ठेवला होता, फक्त महाग वाटला म्हणून. बरं झालं विचारलं.

जुना बाजार
स्वस्त सामानाची माझी भर :
गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी हार्डवेअरमध्ये मीटरवर मिळते. पाणी बदलायला फार छान. कॅनिस्टरला मात्र नको, भिंत पातळ असते, वळणावर दुमडते.
मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा. त्याचं चाक फिरवून थेंब मोजता येतात. नवे मासे आणले की टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.
मुंबईकरांनी नागदेवी गल्लीत एक फेरी मारावी. नळ्या आणि क्लिपांची इतकी मापं एका जागी दिसतात की घरी कुठला फिल्टर आहे तेच विसरायला होतं. येताना क्रॉफर्ड मार्केट.

सोनपाखरू
क्रॉफर्ड मार्केटला फिटिंग आणायला गेले आणि सहा गप्पी घेऊन आले. फिटिंग राहिलंच. 😄

शेवाळप्रेमी
ह्या प्रकाराला आमच्या घरी ‘खर्च वाचवणं’ म्हणतात. सहा गप्पींचे साठ कधी झाले ते कळवा.

सोनपाखरू
साठ कधीच झाले, आता विचारायचं ते इमारतीत कुणाकुणाला देऊ एवढंच!

गोदाकाठ
विषय निघालाच आहे तर, पाणी सोडणारा स्प्रे बारही जुना झालाय, भोकं चुन्याने बुजली आहेत. तोही याच सामानातून होईल का? किती भोकं, केवढी?

फळा आणि खडू
शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझा!

सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या आतल्या क्षेत्रफळाइतकं किंवा थोडं जास्त हवं. कमी ठेवलंत तर पाणी जोरात उडतं, पण एकूण प्रवाह घटतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून ‘पाय’ची गरजच नाही. १२ ला ४ ने भागा, तीन. तिनाचा वर्ग नऊ. म्हणजे ४ मिलिमीटरची नऊ भोकं. ३ मिलिमीटरची करायची तर चाराचा वर्ग, सोळा भोकं. मी एक-दोन जास्त पाडतो, कारण चुना कुठे ना कुठे बसणारच.

हाच हिशेब जॉइनरलाही लावा. आतलं भोक १० मिलिमीटर असेल तर १०० भागिले १४४, म्हणजे नळीच्या साधारण ६९ टक्केच वाट उरते. जॉइनर घेताना आतून जो रुंद आहे तो निवडा, बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

भोकं एका रेषेत यावीत म्हणून एक युक्ती. सीपीव्हीसीच्या पाइपवर लांबीभर कंपनीचं नाव आणि माप छापलेलं असतं. ती अक्षरं म्हणजे आयती सरळ रेघ, तिच्यावरच खुणा करा. नंतर बारीक पॉलिश पेपरने पुसून टाका.

जुना बाजार
ड्रिल नसेल तर खिळा गॅसवर तापवून टोचा, लोण्यासारखा जातो.

खाजणकाठ
नको, कृपया नको! पीव्हीसी-सीपीव्हीसी जळलं की त्यातून आम्ल वायू निघतो, नाकाघशाला झोंबतो. बंद स्वयंपाकघरात तर अजिबात नको. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल मिळतं, ते घ्या. भोकाच्या आतली कुसं गोल कानशीने काढा, तिथेच घाण अडकते.

जुना बाजार
मान्य. मी बाल्कनीत करतो म्हणून जाणवलं नसेल. पुढच्या वेळी ड्रिल.

उशिरा जागा
मी न्यू जर्सीहून. मोजपट्टींनी दिलेलं १५.९ इथेही चालतं, अमेरिकेतला अर्धा इंची सीपीव्हीसीही बाहेरून ५/८ इंच, म्हणजे तेच माप. आईबाबांच्या पुण्याच्या टाकीसाठी मी इथून दोन एल्बो नेले होते, ते तिथल्या पाइपवर अलगद बसले.

ज्यांना एल्बो नको, गोल वळण हवं आहे त्यांच्यासाठी : पांढरा पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात वाकतो. आधी आत कोरडी वाळू ठासून भरा आणि दोन्ही टोकं बंद करा, म्हणजे पोटात दबत नाही. सीपीव्हीसी मात्र गरम पाण्यासाठीच केलेला असतो, उकळत्या पाण्याने ढिम्म हलत नाही. त्याला हीट गन लागते.

गोदाकाठ
सोल्युशनचं कुणी सांगेल का? वासच इतका उग्र असतो की भीती वाटते.

पाणकोंबडी
वास असेतो टाकीत नाही, एवढं पाळलं तरी पुरे. सोल्युशन पाइपच्या बाहेरून पातळ लावायचं, फिटिंगच्या आत ओतायचं नाही, म्हणजे आतल्या बाजूला ओघळ येत नाही. दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या, मग एक दिवस बादलीत पाण्यात, ते पाणी टाकून पुन्हा एकदा. माझ्या कोळंब्यांच्या टाकीत असा पाइप तीन वर्षं आहे.

पण मुळात पाण्याखालच्या जोडाला सोल्युशन हवंच कशाला? सीपीव्हीसी नुसता दाबून बसतो. सफाईला सुटा करता येतो, बाटली धुवायचा ब्रश आतून फिरतो. चिकटवलेला पाइप आतून कसा घासणार?

ठिबकवाला
पाणकोंबडीताईंना +१. आणि पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज चढवा हो, कोळंबीची पिल्लं आत जातील. स्पंज मत्स्यालयाचाच घ्या, सोफ्याचा फोम कापू नका. त्यात काय काय रसायनं असतात कुणास ठाऊक.

सोनपाखरू
एक शंका. वऱ्हाडी ऊन यांच्यासारखं होऊ नये म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं तर? नळी सुटली की पातळी भोकापर्यंत उतरेल, हवा आत जाईल आणि पाणी थांबेल ना?

मोजपट्टी
पाणी सोडणाऱ्या पाइपला जरूर पाडा. स्प्रे बार पृष्ठभागाजवळच असेल तर त्याची भोकंच ते काम करतात. ओढणाऱ्या पाइपला पाडताना मात्र विचार करा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दोन-तीन इंच खाली येते. भोक उघडं पडलं की कॅनिस्टर हवा ओढतो आणि मोटर कोरडी फिरायला लागते. रोज पाणी भरणारे असाल तर ठीक. नाहीतर पाइप आखूड ठेवायचा वऱ्हाडी ऊन यांचा उपाय चांगला.

वऱ्हाडी ऊन
आणि विजेचं राहिलं. मोटरची वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या. वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. माझं पाणी त्या दिवशी बोर्डापासून वीतभर लांब थांबलं होतं. दुसऱ्याच दिवशी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला.

गोदाकाठ
मंडळी, दहा दिवसांनी येतोय. काम झालं! सगळं लिहितो, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर उपयोगी पडेल.

शनिवारी मार्केट यार्डाजवळच्या ठिबकच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी विचारलं, किती एकर? म्हटलं तीन फूट. ते हसले, पण टाकीचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि स्वतः वेगवेगळ्या जॉइनरची खोकी काउंटरवर ओतली. मी व्यास मोजायचा व्हर्नियर नेला होता. एका प्रकारच्या जॉइनरचं आतलं भोक ९ भरलं, दुसऱ्याचं १०. दहाचा घेतला. तीन मीटर लॅटरल, चार एल्बो, चार जॉइनर, दोन एंड कॅप, मिळून पंच्याण्णव रुपये. कॉक घेतला नाही, कारण टाकीबाहेर जोड नको.

लॅटरल वेटोळ्यातून आल्यामुळे सरळ राहत नव्हती. गरम पाण्यात बुडवून जुन्या पडद्याच्या दांडीला कापडी पट्टीने बांधून रात्रभर ठेवली. सकाळी बऱ्यापैकी सरळ, शंभर टक्के नाही. टाकीत दोन सक्शन कपांनी धरून ठेवली आहे.

पहिल्या प्रयत्नात फिल्टर गुरगुरला. मोजपट्टींचं वाक्य आठवलं, म्हणजे जोड काठावरचाच. बघितलं तर मी लॅटरल सुरीने कापली होती, टोक तिरकं झालं होतं आणि एल्बोच्या शेवटच्या दातापर्यंत पोचत नव्हतं. हॅक्सॉ ब्लेडने काटकोनात कापून पुन्हा बसवलं. आवाज थांबला. कपाटातली जुनी नळी अखंडच आहे. १२ च्या नळीत जॉइनर घालताना ठिबकवाला म्हणाले तसं अर्धा मिनिट उकळतं पाणी, आणि हातात जाड फडकं, ते फार गरजेचं. जोडावर आवळपट्ट्या दोन-दोन, खाजणकाठ ताईंनी सांगितल्या तशा.

स्प्रे बारही लॅटरलचाच केला, ४ मिलिमीटरची दहा भोकं. पृष्ठभाग छान हलतोय. प्रवाह मोजला. सोडणारी नळी काठावर धरून दहा लिटरची बादली भरली. माझ्या वहीत जुन्या पाइपने शेहेचाळीस सेकंद लिहिलेत, आता बावन्न लागले. जॉइनरच्या अरुंद भोकाचा तो परिणाम असावा. एवढं मला चालतंय.

तोंडावर स्पंज आहे. आज सकाळी त्यावर कोळंबीची सात-आठ पिल्लं चरताना दिसली, तांदळाच्या कणीएवढी.

शेवाळप्रेमी
गोदाकाठ, अभिनंदन. काठाखाली एकही जोड ठेवला नाहीत हे वाचून माझा आक्षेप मागे घेतो. फक्त महिन्यातून एकदा त्या दोन जोडांवरून कोरडं बोट फिरवत जा. मूळच्या नळीवरूनही मी फिरवतो.

फळा आणि खडू
शेहेचाळीसाचे बावन्न म्हणजे प्रवाह साधारण साडेअकरा टक्क्यांनी कमी. वाट ६९ टक्के उरूनही एवढीच घट, कारण अडथळा फक्त जॉइनरच्या दीड-दोन इंचांपुरता आहे. उद्या नववीच्या वर्गात हेच उदाहरण देणार.

ठिबकवाला
फोटो टाका की! आणि उरलेली लॅटरल फेकू नका.

गोदाकाठ
फोटो उद्या उजेडात काढतो. उरलेली लॅटरल बाल्कनीत जाईल. पाणी बदलताना निघणारं पाणी थेट कुंड्यांना सोडायचं आहे. त्यासाठी त्या दुकानदारांनी दोन टेकऑफ आणि ग्रोमेट (नळीला फाटा काढायचे तुकडे आणि त्यांच्या रबरी कड्या) पैसे न घेता दिलेत, आणि म्हणाले बसवून झालं की सांगायला या.